ती घारच होती का?

(शिकारी पक्षी ओळखताना भल्याभल्यांची चूक होते. ती का होते, चुकीच्या ओळखीमुळे काय नुकसान होते आणि पक्षी नीट कसा ओळखावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, दुपारच्या वेळी मोकळ्या मैदानात उभे राहून वर पाहा. निळ्या आकाशात एखादा मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसेल. त्याचे पंख पसरलेले असतात. पण ते हलत नाहीत. खाली अंगणात कोंबडीची पिल्ले आईच्या पोटाखाली शिरतात. घरातून आजी ओरडते, “घार आली रे! पिल्लं डालून ठेवा!”

आता एक प्रश्न. ती घारच होती का? शिक्रा नव्हता कशावरून? ससाणा नव्हता कशावरून? आजीला विचाराल, तर ती म्हणेल, “अरे, आयुष्यभर घारी पाहिल्या मी!” आजीचे म्हणणे बहुधा खरेच असते. पण दर वेळी खरे असते असे नाही. शिकारी पक्षी ओळखणे सोपे काम नाही. आयुष्यभर पक्षी पाहणारी माणसेसुद्धा त्यात फसतात.

घार, शिक्रा, ससाणा, गरुड, घुबड हे सारे शिकारी पक्षी आहेत. त्यांची चोच आकड्यासारखी वाकडी असते. पायांना अणकुचीदार नख्या असतात. नजर अतिशय तीक्ष्ण असते. पुस्तकातल्या चित्रात हे सारे अगदी स्पष्ट दिसते. पुस्तकातला पक्षी जवळ असतो आणि स्थिर बसलेला असतो. आकाशातला पक्षी मात्र दूर असतो, आणि तो आपल्यासाठी थांबत नाही. आपल्याला तो काही क्षणच दिसतो.

दुसरी अडचण उजेडाची. पक्षी वर आणि सूर्य त्याच्या मागे, असे झाले की पक्ष्याचा रंग दिसतच नाही. दिसते ती फक्त काळी आकृती. संध्याकाळच्या तांबूस उन्हात पांढरा पक्षीही तांबूस वाटतो. म्हणून नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही.

तिसरी अडचण आकाराची. जमिनीवर आपण एका वस्तूची दुसऱ्या वस्तूशी तुलना करतो. झाडाशेजारी माणूस उभा असला, की माणूस केवढा आणि झाड केवढे हे लगेच कळते. आकाशात पक्ष्याशेजारी काहीच नसते. मग दूरचा मोठा पक्षी आणि जवळचा लहान पक्षी सारखेच वाटतात.

चौथी अडचण तर फारच गमतीची आहे. एकाच जातीचे पक्षी सारखे दिसतीलच असे नाही! शिक्र्याचेच पाहा. मोठ्या शिक्र्याची पाठ राखाडी असते आणि छातीवर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा असतात. त्याचे पिल्लू मोठे होऊन उडू लागले, तरी त्याची पाठ तपकिरी असते आणि छातीवर उभे ठिपके ओघळल्यासारखे दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, हे दोन निरनिराळे पक्षी आहेत. शिवाय शिक्र्याची मादी नरापेक्षा मोठी असते. बहुतेक शिकारी पक्ष्यांत असेच असते.

घारीचीही अशीच गंमत आहे. आपल्या गावाशहरांत नेहमी दिसणारी घार तपकिरी असते. तिच्या शेपटीला मध्ये खाच असते. कोकणात बंदरावर किंवा तळ्याकाठी दुसरी एक घार दिसते. तिचे डोके व छाती पांढरी आणि बाकीचे अंग विटकरी असते. तिला ब्राह्मणी घार म्हणतात. तिचे पिल्लू मात्र तपकिरी असते. ते साध्या घारीसारखेच दिसते. मग ओळखायचे कसे? शेपटी पाहायची. ब्राह्मणी घारीच्या शेपटीला खाच नसते. शेपटीचे टोक गोलसर असते. पण इथेही सावध राहावे लागते बरे का! साध्या घारीने शेपटी पंख्यासारखी पसरली, की तिची खाच जवळजवळ नाहीशी होते. म्हणून एकच खूण पाहून कधी निकाल देऊ नये.

आता आपण जरा दूरच्या गावी जाऊ. लंडन शहराच्या वायव्येला हॅरो नावाचा विभाग आहे. त्यात पिनर नावाचे एक टुमदार ठिकाण आहे. पूर्वी ते खेडे होते. तिथे अजूनही जुनी घरे, चढावरचे जुने दगडी चर्च आणि पिन नावाची चिमुकली नदी आहे. या भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ राहतात. समजा, तुमची मावशी तिथे राहते आणि मे महिन्याच्या सुटीत तुम्ही तिच्याकडे गेला आहात. तिकडे त्या दिवसांत संध्याकाळी आठ वाजतासुद्धा उजेड असतो. तुम्ही बागेत खेळत आहात. तेवढ्यात झाडांवरून एक मोठा पक्षी तरंगत येतो. त्याच्या शेपटीला खाच आहे. तुम्ही आनंदाने ओरडता, “मावशी, आपली घार!”

ती घारच आहे. पण आपली नव्हे. ती लाल घार आहे. तिची शेपटी तांबूस असते आणि शेपटीची खाच आपल्या घारीपेक्षा खोल असते. उडताना ती शेपटी अशी वळवते, जणू नावाडी सुकाणू वळवीत आहे. आपली तपकिरी घार इंग्लंडमध्ये क्वचितच दिसते. म्हणजे पक्षी कोणत्या ठिकाणी दिसला, हीसुद्धा एक खूण असते.

त्याच आकाशात बझर्ड नावाचा दुसरा शिकारी पक्षीही फिरतो. दुरून तो घारीसारखाच वाटतो. पण त्याचे पंख रुंद व शेपटी आखूड असते. घिरट्या घालताना तो पंख किंचित वर उचलून धरतो. त्याच्या रंगाचा तर भरवसाच नाही. एखादा बझर्ड गडद तपकिरी असतो, तर एखादा दुधाच्या सायीसारखा फिकट असतो!

या लाल घारीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. काही शतकांपूर्वी लंडनच्या रस्त्यांवर पुष्कळ घारी असत. त्या रस्त्यावरची घाण खात आणि शहर स्वच्छ ठेवीत. पुढे लोकांना वाटू लागले, की घार कोकरे पळवते, पाळलेले पक्षी मारते. खरे तर लाल घार बहुतेक वेळा मेलेले प्राणी, किडे आणि गांडुळे खाते. पण लोकांनी नीट पाहिले नाही. वाकडी चोच दिसली, की तो पक्षी शत्रू, असे त्यांनी ठरवले. घारी मारणाऱ्यांना बक्षिसेही मिळत. बंदुका झाडल्या गेल्या, विषारी आमिषे ठेवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून लाल घार नाहीशी झाली. वेल्सच्या डोंगरांत तेवढ्या थोड्या घारी उरल्या.

मग लोकांना आपली चूक कळली. १९८९ ते १९९४ या काळात स्पेन देशातून घारीची पिल्ले आणून पिनरच्या वायव्येला असलेल्या चिल्टर्न टेकड्यांत सोडण्यात आली. ती तिथे रुळली. त्यांनी घरटी बांधली. त्यांची संख्या वाढत गेली आणि त्या दूरवर पसरल्या. म्हणूनच आज पिनरच्या घरांवरून लाल घार उडताना दिसते. पक्ष्याला नीट न ओळखता शत्रू ठरवले, तर एक सबंध जात नाहीशी होऊ शकते, हे या गोष्टीवरून आपल्याला कळते.

कधी कधी एखादा पक्षी दुसऱ्या पक्ष्यासारखा दिसतो, आणि त्यामुळे त्याचा फायदा होतो. पावसाळा जवळ आला, की रानात “पेरते व्हा, पेरते व्हा” असा आवाज येतो. तो पावशाचा आवाज. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे. तो काही शिकार करून उंदीर-सरडे खाणारा नव्हे. पण त्याची राखाडी पाठ, छातीवरचे पट्टे आणि उडण्याची पद्धत अगदी शिक्र्यासारखी असते. त्याला पाहून लहान पक्षी घाबरतात व गलका करतात. पावशाची मादी आपले अंडे सातभाईंच्या घरट्यात घालते. पिल्लू सातभाईच वाढवतात! पक्षीच जिथे फसतात, तिथे माणसे फसली तर नवल काय? पण जवळून पाहिले, तर फरक कळतो. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी असते आणि त्याच्या पायांना भक्कम नख्या असतात. पावशाची चोच सरळसर आणि पाय नाजूक असतात.

इंग्लंडमध्येही असाच एक जोडा आहे. तिकडचा कुक्कू हा पक्षी तिकडच्या एका लहान ससाण्यासारखा दिसतो. हिवाळ्यात कुक्कू आफ्रिकेत निघून जातो आणि तो ससाणा तिथेच राहतो. त्यामुळे पूर्वी युरोपातल्या काही लोकांना वाटे, की थंडी पडली की कुक्कूचाच ससाणा होतो!

खरुची नावाचा लहान ससाणा तर पिनरच्या बाजूलाही दिसतो आणि हिवाळ्यात आपल्या माळरानावरही दिसतो. तो हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि खाली गवतातला उंदीर शोधतो. पण नुसते हवेत थांबणे पाहून त्याला खरुची म्हणू नका. आपल्याकडची कापशी घारही अशीच हवेत थांबते. कापशी पांढरट राखाडी असते आणि तिच्या खांद्यावर काळा डाग असतो. खरुचीचे अंग विटकरी व शेपटी लांब असते. दोन-तीन खुणा जुळल्या, की ओळख पक्की होते.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक खरी गोष्ट ऐका.

पिंगळा तुम्हांला माहीत असेल. साळुंकीएवढे हे लहानसे घुबड. ते गावाजवळच्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत राहते. अंधार पडू लागला, की पिंगळ्यांची जोडी कलकलाट सुरू करते. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके असतात.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे. त्याचे नाव रानपिंगळा. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्ल्यूइट नावाच्या गृहस्थांना तो प्रथम मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने काही रानपिंगळे मिळवले. त्या काळी पक्षी मारून, त्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते संग्रहालयात ठेवत. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधत. पक्षी कोठे मिळाला, केव्हा मिळाला, कोणाला मिळाला, हे त्या चिठ्ठीवर लिहीत.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणाला दिसेना. साठ-सत्तर वर्षे गेली, नव्वद वर्षे गेली. मोठमोठ्या पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला, पण व्यर्थ. काहींनी रानपिंगळा दिसल्याचे सांगितले. पण छायाचित्र नीट तपासले, तेव्हा तो साधा पिंगळाच निघाला! रानपिंगळा जगातून नाहीसा झाला असावा, असे लोक म्हणू लागले.

संग्रहालयात एक रानपिंगळा असा होता, की त्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल लिहिलेले होते. तो गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळाला, असे चिठ्ठी सांगत होती. ती चिठ्ठी रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंना संशय आला. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा पक्षिसंग्रह ट्रिंग या गावी आहे. हे गाव पिनरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, लाल घारींच्या चिल्टर्न टेकड्यांतच आहे. तिथला तो पक्षी बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने तपासला. कपडे शिवणाऱ्याची जशी शिलाई ओळखता येते, तशी पक्ष्यात पेंढा भरणाऱ्याची पद्धतही ओळखता येते. तपासणीत दिसून आले, की तो पक्षी डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेलाच होता! कोणीतरी तो पळवून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची दिशाभूल केली होती.

बाईंनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला. १९९७ सालच्या नोव्हेंबरमध्ये त्या भारतात आल्या. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे त्यांचे सोबती होते. प्रथम त्यांनी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या. तिथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरची सकाळ होती. साडेआठच्या सुमारास बेन किंग यांना एका झाडावर लहानसे घुबड दिसले.

तुम्ही तिथे असता तर काय केले असते? “सापडला, सापडला!” म्हणून ओरडला असता. त्यांनी तसे केले नाही. तो साधा पिंगळाही असू शकत होता. त्यांनी एकेक खूण तपासली. डोक्यावर ठळक ठिपके आहेत का? नाहीत. छाती गडद तपकिरी आहे का? आहे. पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा आहे का? आहे. पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आहेत का? आहेत. पाय जाड व भक्कम आहेत का? आहेत. शिवाय तो भर उजेडात निवांत बसला होता. सगळ्या खुणा जुळल्या. त्याचे चित्रीकरणही झाले. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला होता!

त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ अशा जंगलांतही रानपिंगळे आढळले. २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. तिथली झाडे राखली, तरच तो राहील. पण झाडे राखायची, तर तिथे रानपिंगळा आहे हे आधी नक्की कळायला हवे. साध्या पिंगळ्याला रानपिंगळा म्हटले, तर भलत्याच रानाची राखण होईल. आणि रानपिंगळ्याला साधा पिंगळा म्हटले, तर त्याचे घर आपल्या डोळ्यांदेखत तुटून जाईल.

मुलांनो, तुम्हांलाही पक्षी ओळखता येतील. त्यासाठी महागडी दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही, पेन्सिल आणि धीर एवढे पुरे. पक्षी दिसला, की लगेच नाव शोधू नका. आधी त्याच्याकडे नीट पाहा. शेपटी कशी आहे? खाच आहे, गोल आहे की सरळ आहे? पंख रुंद आहेत की टोकदार? तो घिरट्या घालतो, हवेत थांबतो की झाडांतून सपकन निघून जातो? आवाज कसा आहे? पक्षी शहरात दिसला, माळावर की पाण्याकाठी? महिना कोणता? रंग सगळ्यांत शेवटी पाहा. दुरून येणाऱ्या आपल्या बाबांचा सदरा दिसण्यापूर्वीच आपण त्यांना चालण्यावरून ओळखतो. पक्ष्यांचेही तसेच आहे.

पाहिलेले सारे तिथल्या तिथे वहीत लिहा. तारीख, वेळ व ठिकाण लिहा. वाकडेतिकडे का होईना, चित्र काढा. घरट्याजवळ जाऊ नका. पक्ष्याला उडवण्यासाठी दगड मारू नका. आणि खूण पटली नाही, तर वहीत सरळ लिहा, “ओळखता आला नाही.” असे लिहिण्यात कमीपणा नाही. मनात गरुड असला, की प्रत्येक घार गरुडच दिसू लागते. म्हणून जे दिसले तेच लिहावे. जे दिसावेसे वाटले ते लिहू नये. एका खोट्या चिठ्ठीने मोठमोठ्या जाणकारांना चकवले, हे तुम्ही ऐकलेच आहे. तुमच्या वहीतली साधी, पण खरी नोंद कोणाला तरी उद्या उपयोगी पडेल.

उद्या दुपारी मैदानात जा. वर पाहा. आजी म्हणेल, “घार आहे ती!” तुम्ही शेपटी पाहा, पंख पाहा, आणि मगच आजीला सांगा, “हो आजी, घारच आहे!”

शब्दार्थ

डालणे – टोपलीखाली झाकून ठेवणे.
अणकुचीदार – टोकदार.
सुकाणू – नाव वळवण्याचे साधन.
आमिष – भुलवण्यासाठी ठेवलेला खाऊ.
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी.
दिशाभूल करणे – चुकीच्या वाटेला लावणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिकारी पक्ष्यांची चोच कशी असते?
(आ) ब्राह्मणी घारीच्या शेपटीचे टोक कसे असते?
(इ) पावशाची मादी आपले अंडे कोठे घालते?
(ई) रानपिंगळा पुन्हा केव्हा व कोठे सापडला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आकाशातल्या पक्ष्याचा आकार नीट का कळत नाही?
(आ) इंग्लंडमधून लाल घार का नाहीशी झाली?
(इ) पिंगळा व रानपिंगळा यांच्यातील फरक सांगा.

प्र. ३. का ते सांगा.
(अ) नुसत्या रंगावरून पक्षी ओळखू नये.
(आ) “ओळखता आला नाही” असे लिहिण्यात कमीपणा नाही.

उपक्रम : आठवडाभर रोज दहा मिनिटे आकाशाचे निरीक्षण करा. दिसलेल्या पक्ष्यांच्या खुणा, तारीख, वेळ व ठिकाण वहीत लिहा. आपली वही शेजारच्या मित्राच्या वहीशी ताडून पाहा.